घड्याळवाल्या चाचांचं लिनक्स

घड्याळवाल्या चाचांच्या हातात कुठलीही नवी वस्तू दिली की ते आधी तिच्यावर संशय घ्यायचे. जव्हारच्या बाजारात त्यांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. मोबाइल आले, गिऱ्हाईक आटलं, तेव्हा एका संस्थेच्या फुकट क्लासातले चार जुने कॉम्प्युटर त्यांनी हौसेने सांभाळायला घेतले. मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेले ते कॉम्प्युटर लिनक्स या फुकटच्या सिस्टिमवर कसेबसे चालायचे.

लिनक्सचं नवं व्हर्जन टाकलं की चाचा एकेक सेटिंग उघडून बसत. स्क्रीन दहा मिनिटांत काळी होते? "हे कुणी ठरवलं?" विंडो झुलत झुलत उघडते? "हे कुणी ठरवलं? म्हाताऱ्याला नाचायला लावता काय!" ते नाच बंद करत आणि कॉम्प्युटर खरंच हलका चाले. क्लासात शिकवणारे सर हसत. सरांच्या मते जे आपोआप येतं ते बरोबरच असतं. मला मात्र या माणसाचं फार नवल वाटायचं.

मी त्या क्लासात शिकायला येणारी, जवळच्या जामसर गावची. आमचं घर दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर मजुरीला जायचं. बाबांनी बजावलं होतं, "दिवाळीपावत जमला त ठीक, नाय त भट्टीवर चल." क्लासची परीक्षा दिवाळीच्या तोंडावर होती. पावसाळ्यात भाताच्या आवणीसाठी, रोपं लावायला, मी पंधरा दिवस घरी राहिले आणि परत आले, तर माझी फाइल उघडेना. माउसचं बटण आधीसारखंच दोनदा दाबत होते, फाइल ढिम्म. शेजारच्या पोरांच्या मात्र पटापट उघडत होत्या.

"चिखलात गेलीस आणि सगळं विसरलीस," सर म्हणाले. मला ते खरंच वाटलं. मी उठून चपला शोधायला लागले.

"बेटा, बस. परत दाब," चाचांनी हाक मारली. ते स्क्रीनकडे बघतच नव्हते. घड्याळ कानाला लावावं तसं डोळे मिटून माझ्या बोटाचा आवाज ऐकत होते. मग त्यांनी माउसचं सेटिंग उघडलं. मी नसताना त्यांनीच नवं व्हर्जन टाकलं होतं, आणि त्यात दोनदा दाबण्यामधला वेळ पूर्वीपेक्षा कमी धरलेला होता. चाचांनी तो वाढवला. फाइल उघडली.

"तुझा हात बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक माझी. सगळं तपासलं, पण माझ्याच बोटांनी. घड्याळवाल्याची बोटं, ती पळतात." आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "माफ कर." आमच्याकडे मोठी माणसं पोरींची माफी मागत नाहीत. मला रडूच आलं.

त्यानंतर नवं व्हर्जन टाकलं की चाचा सगळ्यात नवख्या मुलीला आधी खुर्चीत बसवत, आणि स्वतः हात मागे बांधून नुसते बघत.

मी पास झाले. पुढे मोखाड्याला एका ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागले. चाचा वारल्याचं मला चार दिवसांनी कळलं. त्यांच्या मातीला मी नव्हते, याचं वाईट अजून वाटतं. त्यांनी मला काय दिलं, हे सांगायला एकच सकाळ पुरते. त्या दिवाळीनंतर भट्टीचा ट्रक गावात आला. आई, बाबा, दोघे भाऊ चढले. मीही सवयीने पुढे झाले, तर बाबा वरून म्हणाले, "तू खाली ऱ्हा. तुझा बोचका बांधलाच नाय."