कोऱ्या पानाचे सहा ससे

सत्तरच्या सुमारास मी नागपुरात पशुवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते. वर्गात एकटी मुलगी, त्यात तापट. प्रबंधाचा प्रश्न साधा होता: फुप्फुसात जंतू शिरण्याआधी औषध सुईनं टोचलेलं बरं, की हुंगवलेलं? अठरा ससे आणले. सहांना इंजेक्शन, सहांना काचेच्या पेटीत औषधाचं धुकं, सहांना काहीच नाही. मग सगळ्यांच्या नाकात जंतू सोडायचे. बिनऔषधाचे सहा आजारी पडले, तरच बाकीचे औषधानं वाचले असं म्हणता येणार होतं.

ते पडलेच नाहीत. मजेत हरभऱ्याचा पाला खात बसले. चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सशांची देखभाल करणारे काका नागपूरजवळच्या खापा गावचे. तिकडे लग्नकार्यात पंगत वाढायला त्यांना मानानं बोलावत. मी विचारलं तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. दुपारी मी जेवायला गेले, की ते त्या सहांनाही पेटीत बसवून धुकं देत.

"बाई, पंगतीत बसवाचं अन् पान कोरं ठेवाचं, हे आपल्याच्यानं नाही होत," ते म्हणाले.

मी त्यांना नको तितकं सुनावलं. सरांना मात्र चूक माझीच म्हणून सांगितलं, नाहीतर बिचाऱ्यांची नोकरी गेली असती. सरांनी प्रयोग पुन्हा करायला सांगितलं. या खेपेला बिघडला तर वर्ष गेलं.

आता नवे अठरा ससे, पेटीला कुलूप, किल्ली माझ्याकडे. जंतू सोडल्यावर तिसऱ्या दिवशी धुक्यातले सहाही हुंदडत होते. इंजेक्शनवाल्यांपैकी दोघे मलूल होते. औषध न मिळालेले सहा नाकपुड्या फुगवून श्वास ओढत होते. त्यांना मारून फुप्फुसं तपासायची होती.

काका हळूच म्हणाले, "धुक्यानं जीव वाचते, हे तं कळलं ना, बाई. मंग या सहायले काहून नाही?"

फुप्फुसं पाहिल्याशिवाय कोणी मानणार नाही, असं मी सांगितलं.  ते एकेक ससा पाठीवरून हात फिरवून माझ्याकडे देत गेले. पाच झाले. सहावा त्यांनी पुढे केला, तो मी घेतला नाही. मी पेटीची किल्ली काढून त्यांना दिली.

तो ससा जगला. प्रबंधात पाचांचीच नोंद आहे, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.