सगळ्या शेलांना कळेल असं

प्रज्ञा गेल्याचं तिच्या भावानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी परळीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत होते. मेंदूत रक्तस्राव झाला, मोठ्या दवाखान्यात नेता नेता वाटेतच… मी नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

लिंबागणेशच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, पुढं बीडला एकाच ऑफिसात कामाला लागलो. नदीकाठच्या गावांत पुराचा भोंगा वाजवणाऱ्या पेट्या आमच्याकडं होत्या. पाणी खुणेच्या वर गेलं की भोंगा, नाहीतर आमच्या पडद्यावर 'ठीक'. हे ठरवणारी स्क्रिप्ट, म्हणजे यंत्रानं ओळीनं पाळायचे हुकूम, प्रज्ञानंच लिहिलेली. मग जुनी यंत्रं काढून नव्या छोट्या पेट्या बसवल्या आणि तीच स्क्रिप्ट त्यांत उतरवली.

त्याच पावसाळ्यात एके दिवशी धरणातून पाणी सोडल्याचा निरोप भर दुपारी आला. पडद्यावर सगळी गावं 'ठीक'. साहेब निवांत होते. प्रज्ञा मात्र उठून उभी राहिली. "लई ठीक दाखवतंय गं हे," म्हणत तिनं काठावरच्या गावातल्या ग्रामपंचायतीच्या शिपायाला, रावसाहेबमामांना, फोन लावला.

"मामा, भोंगा वाजला का?"

"न्हाई मॅडम. पाणी तर घाटाच्या पायऱ्या चढून वर आलंय!"

तिचा चेहरा उतरला. "देवळाच्या कर्ण्यावरून सांगा, सगळ्यांना शाळेकडं काढा. फोन बंद करू नका." मामांचं गाव तरी असं हलवता येत होतं. खालच्या दोन वस्त्यांत कुणी फोनच उचलत नव्हतं.

दोष तिला लवकर सापडला. नव्या पेट्यांतलं शेल, म्हणजे हुकूम वाचणारा प्रोग्राम, वेगळं होतं. अट लिहिताना तिनं वापरलेला दुहेरी चौकटी कंस त्याला कळतच नव्हता. अट कळली नाही की ते मुकाट 'ठीक'च्या ओळीवर जायचं. साहेब म्हणाले, "मग जुनंच शेल टाका पेट्यांत."

"गावाकडच्या संथ लाइनवर ते उतरस्तोवर पाणी घरात शिरंल, सर. मी सगळ्या शेलांना कळंल असं लिहिते."

मी एकेक ओळ मोठ्यानं वाचत होते, ती खोडून साधी करत होती. दुहेरी कंसाचा एकेरी झाला, जुन्या शेलच्याच बाकीच्या खास सोयीही गेल्या. फोनमधून कर्णा ऐकू येत होता, बायकांचा कालवा, गुरांचं हंबरणं… आणि ही बया नवी स्क्रिप्ट खोटी पातळी घालून तीन वेगवेगळ्या शेलांत चालवून बघत बसलेली!

"अगं, पाठव ना!" मी ओरडले.

"आन पुन्हा गप बसली तर?"

तिसरं शेल झाल्याशिवाय तिनं पाठवली नाही. मग फोनमधून भोंगा ऐकू आला. पडद्यावर खालच्या वस्त्याही एकेक करून लाल झाल्या, म्हणजे तिथंही भोंगे वाजले. काठची घरं गेली त्या दिवशी, माणसं सगळी वर आली.

सत्काराचं निघालं तेव्हा तिनं हात जोडले. "चूक माझीच होती," एवढंच म्हणाली. पडद्यावरचा तिचा विश्वास मात्र कायमचा उडाला. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी ती मामांना फोन करून भोंगा वाजवून बघायची. त्यांनी "आला आवाज" म्हटल्यावरच चहा घ्यायची.

ती गेल्यानंतरच्या सोमवारी ऑफिसचा फोन वाजला. "मॅडमचा फोन कावून न्हाई आला?" मामा विचारत होते.

मी सांगितलं.

"मग तुमी वाजवा," मामा म्हणाले. "मी भायेर जाऊन हुबा राहतो."