बाई, बसा

गेल्या वर्षी साताऱ्याच्या घाटातल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत मला अठराव्या किलोमीटरला गाडीत घातलं. तीन तासांत पोचणार नाहीत अशांना उचलत मागून एक गाडी येते, तिच्यात. वर हातात केळं दिलं. मी ते खाल्लं, हे मला अजून खुपतं. दुसऱ्या दिवसापासून आमचे हेडमास्तर दिसेल तिथे विचारायला लागले, बाई, पुढच्या वर्षी पायी की गाडीतून? मी हसायचे, पण आतून नुसता जळफळाट. ठरवून टाकलं, यंदा शेवटची आले तरी चालेल, पण माझ्या पायांनी येणार.

सराव करायचा कधी, इथं घोडं अडलं. सकाळी डबे, साडेदहा ते पाच शाळा, घरी आल्यावर भाकरी. रहिमतपुरातलं आमचं घर शाळेपासून सात किलोमीटर. मग जाताना माणसं कोंबून नेणारी वडापची जीप आणि येताना धावत, असा तोडगा काढला. शाळा सुटली की पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत शिरायचं, साडी उतरवून ट्रॅकपँट चढवायची, साडी, डबा, वह्या सगळं सॅकमध्ये कोंबायचं आणि सुटायचं.

पण आमच्याकडं धावणाऱ्या बाईला धावू देतील तर शपथ. उसाचा ट्रॅक्टर थांबायचा, दुधाचा टेम्पो थांबायचा. जीप चुकली का, दवाखान्यात कोण आहे का, घरी भांडण झालं का, सगळ्यांना काळजी. कुणीतरी सांगलीला माझ्या आईपर्यंत बातमी पोचवली की तुमची लेक रोज रडत रस्त्यानं पळते. अहो, घाम होता तो! आईनं मला विचारलंच नाही, थेट जावयाला फोन लावला आणि अर्धा तास झापलं. तो बिचारा साखर कारखान्यातून पाळी संपवून नुकता जेवायला बसला होता.

सगळ्यांत चिवट निघाले मेजर. फौजेतून आलेल्या माणसाचा हुद्दा आमच्याकडं कुणी विचारत नाही, सगळे मेजरच. हे शाळेच्या गावचे, साठी उलटलेले, संध्याकाळी मोटरसायकलला दोन किटल्या अडकवून रहिमतपूरला दूध घालायला निघायचे. माझ्याशेजारी आले की गाडी हळू आणि "बाई, बसा." मी नको म्हणायचे. पुढं चार शेतं गेल्यावर पुन्हा थांबलेले असायचे, एवढ्यात माझं मन बदललं असलं तर म्हणून. बरं, दोन किटल्यांच्या मधे मी पाय ठेवायचे तरी कुठं?

एकदा चढावर माझा तोल सुटला. मेजर, पुन्हा बसा म्हणालात तर बघा, असं ओरडलेच. त्यांचा चेहरा पडला. दोन दिवस मान वळवून गेले आणि मलाच चुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी गाडी हळू झाली.

"बाईमाणूस पळतंय आन आपुन गाडीवर," ते म्हणाले. "बरं दिसत न्हाई ओ."

मग मी त्यांना सगळं सांगितलं, शर्यत, हेडमास्तर, केळं. त्यांनी एवढंच विचारलं, उचललं नेमकं कुठं? मी वळण सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बसा आणि नको सुरू.

शर्यतीच्या दिवशी अठराव्या किलोमीटरला माझ्या पोटऱ्या दगड झाल्या. चालायला लागले तोच मागून इंजिनाचा आवाज आला. तेच वळण, तीच गाडी. आतल्या पोरानं दार उघडलं आणि म्हणाला, बसा मॅडम, वेळ संपत आली. खरं सांगते, माझा एक पाय तिकडं वळला होता.

रस्त्याच्या कडेला मेजर उभे होते. इस्त्रीचा सदरा, कडक उभे. माझ्याकडं बघितलंही नाही, त्या पोराला म्हणाले, "दार लाव, गड्या. त्या बसत न्हाईत. पाच म्हैनं रोज इचारतोय मी."

दार लागलं. आता कुठल्या तोंडानं बसणार होते मी? धावले. लय वाईट धावले, तोंडानं श्वास, नाकातून पाणी, पण धावले. रेषा ओलांडली तेव्हा तीन तासांना दोन मिनिटं बाकी होती. कुणीतरी गळ्यात पदक घातलं आणि मी रस्त्यातच फतकल मारून रडले. या खेपेला घाम नव्हता.

थोड्या वेळानं मेजर मोटरसायकल घेऊन आले. किटल्या काढून ठेवल्या होत्या, सीट पुसलेली होती. नुसता सीटवर हात मारला.

मी बसले.