आधी बंद करून पाहा

रामटेकेभाऊ मोटारसायकल सुरू करण्याआधी ती बंद करून पाहत. गाडी उभीच असे, इंजिन थंडगार, आणि हा माणूस सीटवर बसून, डोळे घट्ट मिटून, डावा हात हेडलाइटमागच्या किल्लीकडे नेऊन ती फिरवी. मग हात पुन्हा हँडलवर, पुन्हा किल्लीवर. समाधान झालं की डोळे उघडत, समोर जो असेल त्याला "जयभीम" म्हणत आणि मग किक मारत. ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरांच्या ओळीत नवीन आलेल्या माणसाला वाटे, हे गाडीची पूजाच करताहेत.

वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ते माझे वरिष्ठ. मी साताऱ्याकडून नुकताच आलेला. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, पंप कुठल्या बटणानं सुरू होतो? ते म्हणाले, "चालू कोणीबी करते, शिंदेभाऊ. बंद कसं होते ते आधी शिका." मी जात्याच भित्रा. कुलूप लागलं की नाही हे पाहायला अर्ध्या रस्त्यातून परत जाणारा. मला वाटलं, चला, जगात आपल्यासारखा आणखी एक आहे. पुढे कळलं, की आमच्यात फरक होता. मी घाबरून घरी बसे. ते घाबरून तयारी करत आणि निघत.

निघण्याचं ठिकाण ठरलेलं होतं. त्यांच्या पत्नी सुमनबाई मुलचेऱ्याच्या दवाखान्यात नर्स होत्या, आणि तीन वर्षांची मीनू त्यांच्याजवळ. शनिवारी पहिली पाळी सुटली की भाऊ थेट गाडीवर बसत, कारण तोवर तिकडची बस गेलेली असे. मी येण्याच्या आदल्या वर्षी वाफेनं त्यांचा उजवा हात भाजला होता. बरे होऊन पुष्कळ दिवसांनी ते मुलचेऱ्याला गेले, तर मीनू आईच्या लुगड्याआड लपली आणि म्हणाली, "हे कोन व्हय?" ही गोष्ट भाऊ हसत हसत सगळ्यांना सांगत. तेव्हापासून त्यांनी एकही शनिवार चुकवला नव्हता.

पण हात साथ देईना. जखम भरली, बोटं मात्र आखडली. रेस द्यायची मूठ पिळून धरली की बल्लारपूर येईपर्यंत हात मेल्यासारखा होई, आणि पुढे अख्खं जंगल पडलेलं. मग आखाती देशात ड्रायव्हर असलेल्या त्यांच्या मामेभावानं थंडीत एक वस्तू आणून दिली. डब्यावर इंग्रजीत ‘क्रूझ कंट्रोल’ असं भारदस्त नाव होतं. कॉलनीत त्याला सगळे चिमटा म्हणत. मुठीच्या रबरावर तो आवळायचा. खटका दाबला की मूठ आहे तिथेच धरून ठेवायचा, म्हणजे हात मोकळा. खटका उचलला की मूठ सुटून रेस कमी. भाऊंनी डबा उघडून पहिला प्रश्न विचारला, "अन् याचा खटका नाई सुटला तं?" मामेभाऊ हसला. भाऊ हसले नाहीत. डोळे मिटून किल्ली शोधण्याचा रिवाज त्या दिवसापासूनचा.

होळीपर्यंत चिमटा गुणी बाळासारखा वागला. नंतर अडू लागला. खटका उचलावा, तरी मूठ तिथेच. रेस कमीच होईना. दर सोमवारी भाऊ कामावर येत ते उतरलेल्या चेहऱ्यानंच. आम्ही केबल बदलली, तेल सोडलं, स्प्रिंग नवी घातली. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दहानंतर कोणी शहाणा माणूस अंगणात उतरत नाही, म्हणून सगळी खटपट पहाटे. कॉलनीच्या रस्त्यावर फेऱ्या मारून बघावं, तर चिमटा एकदम शहाणा. आणि शनिवार आला की पुन्हा तेच. "हे बिमारी आपल्याले पाहून लपते," भाऊ म्हणत. मला रात्री झोप लागेनाशी झाली. गाडी त्यांची, हात त्यांचा, आणि मध्यरात्री उठून त्यांची केबल चाचपून येणारा मी.

सुमनबाईंनी निरोप पाठवला: आणखी एकदा अडकलं तर गाडी विकायची. दवाखान्यात रस्त्यावरून उचलून आणलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. आणि तोवर एकटं यायचं नाही. म्हणून वैशाखातल्या एका शनिवारी मी मागच्या सीटवर बसलो. कॅरिअर इतकं घट्ट धरलं होतं, की तळहातांवर सळ्यांचे वळ उठले.

गोंडपिपरीच्या पुढे दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, पानं झडलेली, सावलीचं नाव नाही. एका वळणावर भाऊंनी खटका उचलला आणि मला ऐकू आलं, की इंजिनाचा आवाज तसाच आहे. वळणापलीकडे तेंदूपानांची ओझी डोक्यावर घेतलेल्या बाया रस्ता ओलांडत होत्या. मी ओरडलो की नाही, आठवत नाही. भाऊंचा डावा हात किल्लीवर गेला. त्यांनी मान खाली घातली नाही, किल्लीकडे पाहिलं नाही. इंजिन मेलं, गाडीला हिसका बसला, मागचा ब्रेक किंचाळला आणि आम्ही त्या बायांच्या अलीकडे थांबलो. एक म्हातारी ओझ्याखालून आमच्याकडे बघत म्हणाली, "काऊन जी, पेट्रोल सरलं का?"

"हो माय, सरलं," भाऊ म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. बाया पलीकडे जाईपर्यंत मी कॅरिअर सोडलं नाही. मग भाऊ म्हणाले, "सुमनले सांगू नोका. गाडी गेली का पोरगी पुन्हा लपन." खटका न वापरता, दर मैलाला हात झटकत, त्यांनी उरलेला रस्ता काढला.

सुमनबाईंनी पाण्याचा तांब्या दिला आणि भाऊंचा तळहात बघितला. रबराचा काळा चिकटा लागलेला होता.

"अडकलं ना?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. भाऊ म्हणाले, "हो."

मला वाटलं, संपलं. मीनू बापाच्या गुडघ्याला मिठी मारून उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग विचारलं, "तुम्ही गाडी तपासता कवा?"

"सकाळी. थंड्या वक्ताले."

"अन् अडकते कवा?"

"दुपारी."

बाई कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "अवो, माझे हिवतापाचे पेशंट सकाळी नाचत येते. ताप दुपारी चढते. ताप चढला का मंग मी बोटाले सुई लावून रक्त घेतो. तुम्ही दोघं पोथीपंडित सकाळीच नाडी पाहून राह्यले!"

भाऊ मोठ्यानं हसले; त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही गाडी दवाखान्याच्या अंगणात उन्हात ठेवली. डोक्यावर ओले दुपट्टे. मूठ तापली, रबर मऊ पडलं, फुगलं आणि चिमट्याला डिंकासारखं चिकटलं. आजार अखेर हातात सापडला होता. भाऊंनी चिमट्याखालचं रबर कापून काढलं आणि तिथं आपल्या जुन्या चपलेच्या चामड्याची पट्टी गुंडाळली. मग अंगणातच, ऐन उन्हात, सुमनबाई दारात उभ्या राहून "सोडा" म्हणत आणि भाऊ खटका उचलत. मूठ दर वेळी झटकन मागे येई. बाईंचं समाधान होईपर्यंत आम्ही दोघं भाजून निघालो.

"आता भरोसा बसला?" मी भाऊंना विचारलं.

"चामड्यावर बसला," ते म्हणाले. "पण किल्ली पाहतच जाईन." आणि मीनूला टाकीवर बसवून त्यांनी तिचे डोळे आपल्या आखडलेल्या हातानं झाकले. "बंद कर, बेटा." तिचा इवलासा हात किल्ली चाचपडू लागला.

पुढे सुमनबाईंची बदली चंद्रपूरला झाली, माझी दुसरीकडे. पत्रं कमी होत गेली, जशी होतात. अनेक वर्षांनी भाऊ गेल्याचं कळलं. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. पुण्यानुमोदनाला मी गेलो. सुमनबाई माझा हात धरून म्हणाल्या, "कोणाले तरास नाई दिला."

निघताना मीनू म्हणाली, "काका, बसस्टँडपर्यंत सोडतो." तिनं स्कूटर बाहेर काढली, सीटवर बसली आणि डोळे मिटले. डावा हात किल्लीकडे गेला. फिरवून झाली, हात हँडलवर आला, पुन्हा किल्लीवर गेला. मग डोळे उघडून ती म्हणाली, "बसा."

मी बसलो. चौकात गाडी वळली तेव्हा लक्षात आलं, की माझे दोन्ही हात मांडीवर आहेत. मागचं कॅरिअर धरायचं मी विसरलो होतो. तेव्हा कुठे मला रडू आलं.