सारख्या रेघा

बन्सीधर मास्तर कुठल्याच शाळेत मास्तर नव्हते. परभणीत स्टेशन रोडवरच्या एका छापखान्यात ते प्रुफं तपासायचे आणि छापून निघालेला माल डोळ्यांखालून घालायचे. मूळचे पोखर्णीचे, घरची थोडीफार शेती भावाकडं. अंगात पांढरा सदरा, खिशाला भिंग. लग्नपत्रिकेवरचा उडालेला अनुस्वार आपण टपरीवर चहा पिता पिता पकडला होता, असं ते स्वतःच सांगायचे, आणि ऐकणारा दरवेळी नवा असेल याची काळजी घ्यायचे. नजर चांगलीच होती त्यांची. पण तिचं कौतुक त्यांच्या डोक्यात गेलं होतं.

१९९२ साली सेलूच्या एका व्यापाऱ्याची तूरडाळ मुंबईमार्गे विलायतेला जायला लागली. पिशव्यांवरच्या लेबलांचं काम या छापखान्याला मिळालं. लेबलाच्या कोपऱ्यात उभ्या काळ्या रेघांची एक चौकट आणि तिच्याखाली आकडे. याला बारकोड म्हणतात, तिकडच्या दुकानात मशीनसमोर धरला की मशीनला माल कळतो, एवढंच मालकांना, म्हणजे दिनकररावांना, ठाऊक होतं. रेघांचा जस्ताचा ब्लॉक मुंबईहून तयार आला होता. "छपाई साफ पायजे मास्तर, मशीनला वाचता आलं पायजे," असं सांगून दिनकरराव चार दिवसांसाठी नांदेडला गेले.

मास्तरांनी पहिलं प्रूफ भिंगाखाली धरलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एक रेघ जाड, शेजारची केसासारखी बारीक, मधली फट कुठं रुंद तर कुठं चिंचोळी. शाई जास्त झाली असेल म्हणून त्यांनी ती कमी करायला लावली. ब्लॉक रॉकेलनं पुसून घेतला. खालचं पॅकिंग बदललं. तिसऱ्या प्रुफातही रेघा तशाच. तेव्हा ब्लॉकच बिघडलेला आहे, असा निकाल त्यांनी देऊन टाकला.

खिळे जुळवायला आणि ट्रेडल, म्हणजे छपाईचं मशीन, चालवायला तात्याराव होता. चाळिशीचा, बोलायला कमी, हाताला स्वच्छ. मास्तरांनी त्याला ब्लॉक काढून टाकायला सांगितलं आणि त्याच्या जागी पितळी रूळ लावायला. पितळी रूळ म्हणजे छापखान्यात रेघ उठवायच्या पट्ट्या. सगळ्या एका जाडीच्या, सगळ्यांत सारखी फट.

"मास्तर," तात्याराव म्हणाला, "ब्लॉकबरोबरच्या कागदावर लिवलंय, जसंच्या तसं छापा म्हून. मला वाटायलंय त्या रेघा मुद्दामच तशा असतील."

बाइंडिंगची केशरबाई आणि तिच्याबरोबरच्या दोघी हातातल्या घड्या थांबवून बघायला लागल्या. मास्तरांना ते झोंबलं. दोन दिवसांपूर्वीच तात्याराव रजा टाकून विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाला गेला होता, तेही त्यांच्या पोटात होतंच.

"तुमाला मोर्च्यात घोषणा द्यायला येतंय तेवढंच," मास्तर म्हणाले. "छापायला नजर लागते. ती मागून मिळत न्हाई."

'तुला' नाही, 'तुमाला' म्हणाले. आदरानं म्हणाले नव्हते, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. तात्यारावानं मान खाली घातली आणि रूळ लावले. दहा हजार लेबलं निघाली. एकेक रेघ मोजून घ्यावी अशी देखणी.

वीस-बावीस दिवसांनी मुंबईहून गठ्ठा परत आला, सोबत चिठ्ठी. मशीन एकही लेबल वाचत नाही. रेघांची जाडी आणि मधल्या फटी यांतच आकडे लिहिलेले असतात, ते सगळे पुसून तुम्ही नुसती नक्षी पाठवली आहे. मास्तरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. ज्याला ते तीन प्रुफं छपाईचा दोष म्हणत होते, तोच मजकूर होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसानं चुका काढता काढता सगळा मजकूरच काढून टाकला होता. कानशिलं तापली त्यांची.

"ब्लॉक काढून रूळ कुणी लावले?" दिनकररावांनी विचारलं.

"मी लावले," तात्याराव म्हणाला आणि त्यानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर त्या वेळी चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा पुसला.

"उद्यापासून येऊ नको," दिनकरराव म्हणाले. केशरबाईनं मास्तरांकडं पाहिलं आणि तोंड फिरवून कागदाला घडी घातली.

तीन दिवस मास्तरांना जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी मालकाला खरं सांगून टाकलं. आता काय ते होऊ द्या, अशा तयारीनं उभे राहिले.

"हात्तिच्या," दिनकरराव म्हणाले. "माणूस हाय, चुकतो. बसा, चहा घ्या. त्याला बोलवून घ्या परत, काम तुंबलंय."

एवढंच. त्याच चुकीसाठी एकाला घरी बसवलं होतं आणि एकाला चहा मिळत होता. मास्तरांना त्या क्षणी खडसावलं असतं, तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ते तात्यारावाच्या घरी गेले. त्याची बायको सत्यशीला हिनं बाज टाकली, पाणी दिलं. मास्तरांनी मालकाचा निरोप सांगितला, आपली चूक झाल्याचंही सांगितलं.

"रेघांचं मला त्याच दिवशी कळालं होतं," तात्याराव म्हणाला. "रेघांचा राग न्हाई मास्तर. पण मोर्च्याचं जे बोललात, ते माज्या एकट्याला न्हाई बोललात. तितं, त्या बायांच्या समोर बोललात. मागं घ्यायचं तर तितंच घ्या. मी सकाळी येतो."

मास्तर हो म्हणाले. घरापर्यंतच्या वाटेत त्यांनी ते वाक्य जुळवलं, मनातल्या मनात दहादा म्हणून पाहिलं. अवघड काहीच नव्हतं त्यात.

सकाळी तात्याराव आला. डबा खिडकीत न ठेवता हातातच धरून उभा राहिला. मास्तर उठले. केशरबाई, त्या दोघी, गादीवर दिनकरराव, सगळे बघत होते.

"त्या रेघांची चूक माझी होती," मास्तर म्हणाले. "तात्यारावांची न्हाई."

तात्यारावानं डबा खाली ठेवला नाही.

"आनि?"

मास्तरांचे ओठ हलले. समोर दिनकरराव बसलेले, मास्तरांच्याच जातीचे, त्यांच्याच गावाकडचे. त्यांच्यादेखत मोर्च्याचं बोलणं मागं घेतलं की ते आपल्याला काय म्हणतील, एवढाच विचार मास्तरांच्या मनात आला, आणि तेवढा पुरला.

"आनि काही न्हाई," ते म्हणाले.

तात्यारावानं मान डोलावली, चप्पल घातली आणि तो पायऱ्या उतरून गेला.

"जाऊ द्या मास्तर," दिनकरराव हसून म्हणाले. "तुमी तुमच्या बाजूनं मोठेपणा दाखवला."

मास्तर खाली बसले. टेबलावर पालमच्या कुणाची तरी पत्रिका तपासायला पडली होती. त्यांनी भिंग लावलं आणि पहिली ओळ वाचायला घेतली, पण केशरबाई अजून त्यांच्याकडंच बघत होती आणि त्यांना मान वर करता येत नव्हती.