गुडघ्यानंतरची वर्षं धरायची का?

अमेरिकन फुटबॉल हा नावाचाच फुटबॉल. चेंडू पायापेक्षा हातातच जास्त. मरोळच्या ऑफिसात माझं काम अमेरिकेतल्या लोकांशी. त्यांच्या गप्पांतून मला ते वेड लागलं आणि माझ्यामुळे बाबांना. बाबा तरुणपणी पार्ल्याच्या एका मंडळाकडून कबड्डी खेळायचे, चढाईला जायचे. त्यामुळे चेंडू छातीशी धरून धटिंगणांच्या गर्दीतून वाट काढणारा 'रनिंग बॅक' त्यांना समजावून सांगावा लागला नाही. अंगावर दोघं-तिघं लोंबकळत असताना तो चेंडू रेषेपलीकडे ढकलायला बघतो, तेव्हा सोफ्यावर बसलेल्या बाबांचाही हात आपोआप पुढे जातो.

अशा रनिंग बॅकपैकी एक माझा लाडका. माझ्या मते तो आजवरच्या पहिल्या पाचांत. बाबा त्याला आठव्याच्या वर सरकू देत नाहीत. मुलुंडच्या आमच्या घरात रविवारच्या पोह्यांबरोबर हा वाद ठरलेला. मूळ एकच: गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही तो काही वर्षं खेळला. ती वर्षं मी धरते, बाबा धरत नाहीत. वेग गेला की माणसाने मानाने घरी बसावं, हे त्यांचं मत. मी म्हणते, वेग असताना कुणीही पळेल, तो गेल्यावर जो फट शोधतो तो खरा.

मग बाबांचेच गुडघे गेले. डॉक्टरांनी बदलायला सांगितले आणि बाबांनी चालढकल सुरू केली. आधी गणपती होऊ देत, मग दिवाळी, मग थंडी. समोरच्या मैदानात कबड्डीचे सामने चालू आणि हे खिडकीत बसून शिट्ट्या ऐकणार. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

एका रविवारी मी मुद्दाम त्या खेळाडूचा ऑपरेशननंतरचा सामना लावला. तो पूर्वीसारखा सुसाट नव्हता. थांबत होता, बघत होता, मग नेमका घुसत होता. बाबांचा हात मात्र मांडीवरच राहिला.

"हे का लावलंयस ते कळतंय मला," ते म्हणाले. "तो तिशीत होता गं. मला भीती वाटते. ऑपरेशनच्या टेबलावरून उठलोच नाही तर?"

मी वादाला पूर्ण तयारीने बसले होते. शेजारच्या काकू कशा चालायला लागल्या, डॉक्टर किती अनुभवी आहेत, सगळं तोंडपाठ होतं. इतके महिने मी त्यांना हट्टी म्हणत होते, आणि माणूस घाबरला होता. मलाही भीती वाटते, एवढंच मी म्हटलं. आम्ही गार झालेले पोहे खाल्ले. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून डॉक्टरांना फोन केला.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना आत न्यायला माणूस आला. मी विचारलं, "मग बाबा, तो अजून आठवाच का?"

त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"आधी मला चालून बघू दे. मग सांगतो त्याचा नंबर."