गच्चीवरची कामवारी

आमच्या गल्लीत नदी घाण करताना पुराव्यासह पकडला गेलेला आजवरचा एकमेव माणूस मी आहे. पुरावा म्हणजे एक चमचा. तो माझ्याच हातात होता.

मी मुळात गप्प माणूस. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. तिथे बोललं की लोक वळून बघतात, त्यामुळे बोलायची सवयच गेली. आमच्या घरी बोलायचं खातं बायकोकडे, सुनंदाकडे होतं. ती शाळेत शिकवायची आणि रविवारी सकाळी भिवंडीतल्या टेमघरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर गल्लीतल्या पोरांचा कामवारी नदीचा वर्ग घ्यायची. पाणी कुठून येतं, कुठे जातं, त्यात कोण कोण राहतं. मी खाली पेपर वाचत वरचा गलका ऐकायचो. गेल्या थंडीत सुनंदा गेली. गलकाही गेला. पेपर तेवढा येत राहिला.

मग एका संध्याकाळी तळमजल्यावरच्या रेहानाभाभी नातीला, आयेशाला, घेऊन दारात आल्या.

"भाऊ, ही विचारते, बाईंचा वर्ग आता कोण घेणार?"

मी हातातल्या पेपरची घडी घातली.

"कोणी नाही ना? मग हिची मम्मी हिला अबॅकसला घालते. पार्थ आणि इम्रान पण तिथेच चाललेत. रविवारचीच बॅच आहे."

आयेशा माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी घेईन."

"तुम्ही?"

"हो."

"बोलून?" रेहानाभाभींनी खात्री करून घेतली.

"बोलून."

"ठीक आहे. एक रविवार बघू. पोरांना आवडलं तर वर्ग चालू, नाहीतर अबॅकस."

आठवडाभर मी वाचलं. पाणलोट क्षेत्र या विषयावर त्या आठवड्यात सगळ्या भिवंडीत माझ्याइतकं कोणी वाचलं नसेल. रविवारी गच्चीवर तीन पोरं बसली आणि मी घसा साफ करून सुरुवात केली. "ज्या भूभागावर पडलेले सर्व पाणी अखेरीस एकाच प्रवाहास मिळते, त्या भूभागास..."

इम्रानने हात वर केला. "काका, ये एक्झाम में आएगा?"

"नाही."

"तो फिर ठीक है," म्हणून तो निवांत आडवा झाला आणि कबुतरं बघू लागला.

पार्थ आयेशाच्या कानात (मला ऐकू जाईल अशा बेताने) म्हणाला, "अबॅकसवाले पहिल्याच दिवशी बॅग फ्री देतात."

वर्ग माझ्या डोळ्यांदेखत बुडत होता. तेव्हा मला सुनंदाची वर्गातली निळी ताडपत्री आठवली. जिन्याखाली ती गुंडाळून, सुतळीने बांधून ठेवलेली होती. तिने मारलेली गाठ सोडवायला मला बराच वेळ लागला. गाठ घट्ट नव्हती.

बादल्या, पातेली आणि विश्वकोशाचे चार खंड गच्चीवर मांडून त्यांवर आम्ही ताडपत्री पसरली. झाले डोंगर. आयेशाने शेंड्यावर झारीने पाणी सोडलं आणि घड्यांतून ओहोळ निघाले, एकमेकांना मिळाले, त्यांची एक नदी झाली. इम्रान उठून बसला. "अरे, ये तो अपनी कामवारी है!"

मग काय विचारता. पार्थने बाटल्यांची झाकणं मांडून नारपोलीची वस्ती वसवली. मी खाडी म्हणून शेवटी एक परात ठेवली. नदीत कोण राहतं, असं विचारल्यावर पार्थने खिशातून एक प्लास्टिकचा डायनासोर काढून पाण्यात उभा केला.

"कामवारीत डायनासोर नसतो रे," मी म्हणालो.

"आता नसतो. पाणी घाण झालं म्हणून गेला."

पाणलोटाच्या पुस्तकांत डायनासोर कुठेच आला नव्हता. पण विषय आपोआप प्रदूषणावर आला, आणि इम्रानने खिशातून कागदाची एक पुडी काढली. त्याचा मामा डाइंगमध्ये कामाला. पुडीत कापड रंगवायची पूड होती.

"मामू बोला, चुटकीभर डालना."

आता मी ग्रंथालयातला माणूस. चिमूट हे माप मला अशास्त्रीय वाटलं. मी खाली जाऊन चमचा आणला. भरून एक टाकला, मुलांना स्पष्ट दिसावं म्हणून दुसराही टाकला.

स्पष्ट दिसलं. डोंगर गुलाबी झाले, नारपोली गुलाबी झाली, डायनासोर कमरेपर्यंत गुलाबी झाला. झारी चालूच होती. परात भरली (सुनंदा खाडीसाठी मोठा टब ठेवायची, हे आयेशाने नंतर सांगितलं) आणि खाडी ओसंडून गच्चीभर पसरली, तिथून, मी दोन्ही हातांनी अडवेपर्यंत, कोपऱ्यातल्या पाइपात शिरली आणि गडगडत खाली गेली.

पोरं कठड्याला लोंबली. "काका, नदी खाली गेली."

"हा पाइप पुढे कुठे जातो?" आयेशाने विचारलं.

इतकी वर्षं त्या घरात राहून मला ते ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं. तिघंही एकदम जिन्याकडे धावली. मागून मी, लेंगा सावरत.

पाइप मागच्या गटारात सुटत होता. गटार गल्लीतून मोठ्या नाल्याकडे जात होतं आणि नाला कामवारीला मिळत होता. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. त्या गुलाबी पाण्यामागे धावताना मला कळलं. आणि तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून रेहानाभाभी दोन शेजारणींना घेऊन, मोबाइल उंच धरून, पाण्याच्या उलट दिशेने येताना दिसल्या.

"बाईंनी शिकवलंय," त्या शेजारणींना सांगत होत्या, "रंगीत पाणी दिसलं की ओरडायचं नाही. उलटं चालत जायचं, जिथून निघतं तिथपर्यंत. आज डाइंगवाल्याला सोडत नाही."

पाण्यावर नजर लावून त्या आम्हाला ओलांडून पाइपापाशी जाऊन थांबल्या; मागोमाग आम्हीही. पाइपाकडे बघितलं. पाइपावरून नजर वर गच्चीपर्यंत नेली. मग खाली माझ्यावर आणली. माझे हात कोपरापर्यंत गुलाबी होते.

"भाऊ, हातात काय आहे?"

"चमचा."

"दादी, काकांनी फॅक्टरी टाकली," आयेशाने माहिती पुरवली.

रेहानाभाभींनी मोबाइल खाली केला. "दर वेळी आम्ही जातो, भाऊ. दर वेळी पुढे कुठलं तरी गेट बंद असतं. आज पहिल्यांदा शेवटपर्यंत पोचलो," त्या म्हणाल्या, "आणि निघाले कोण तर बाईंचे मिस्टर."

त्या हसू लागल्या. हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या, आणि ते थांबायला वेळ लागला. मलाही लागला.

"नंतर रडा," पार्थ ओरडला, "पाणी नाल्यात जातंय!"

मग आमच्या गल्लीत धरण झालं. शेजारच्या लूमवरून वेस्ट सुताचं पोतं आलं, मुलांनी त्याचे बोळे करून गटारात ठासले, आणि पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभा राहून मी ते बोळे बादलीत पिळत राहिलो. "काका, इधर! काका, उधर!" इम्रान वरून हुकूम सोडत होता. नाल्याच्या अलीकडे रंग अडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. इतका गलका त्या गल्लीत थंडीनंतर पहिल्यांदाच झाला होता.

मी गटारातूनच हळूच विचारलं, "भाभी, मग... अबॅकस?"

"कसलं अबॅकस? पोरं आता ऐकतात थोडीच. वर्ग चालू राहणार." त्यांनी मला बाहेर यायला हात दिला. "फक्त शिकवायला मी येते. तुम्ही शिकायला बसा."

तसा मी बसतो. हजेरी आयेशा घेते आणि ती कडक आहे. पहिल्याच रविवारी मी तापाने पडलो होतो, तर सोमवारी ती दारात हजर. "काका, गैरहजेरीची चिठ्ठी लागेल. पालकांची सही पाहिजे."

मी साठी ओलांडलेला माणूस, पालक कुठून आणणार? शेवटी रेहानाभाभींनी सही केली. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं, "घाण पाण्यात खेळल्यामुळे."